सभागृहाबाहेरचा बाक

प्रिय सिस्टर,

अकरा वर्षांनी तुला या नावाने हाक मारते आहे. सभागृहात तू मला ‘सन्माननीय सदस्या’ म्हणतेस, मीही तुला तसंच म्हणते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काय हा एकमेकींविषयी आदर! त्या दोन शब्दांत तू माझ्या तोंडावर दार कसं लावून घेतेस, कडीसकट, ते फक्त मला कळतं. पण तू नर्सची नोकरी सोडून निवडून आलीस तेव्हा तुला पहिल्यांदा ‘सिस्टर’ म्हणाले ती मी, आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मला इथे ‘बाई’ हे नाव चिकटवलंस ती तू. आता शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे मला बाईच म्हणतात. तू तेवढी म्हणत नाहीस. या पत्रापुरतं मला जुन्या नावांनी बोलू दे.

उद्या सकाळी तुझा नाश्ता येईल त्या सुमाराला तुझी लेक हे पाकीट तुझ्या हातात देईल. ते चिकटवलेलं आहे; आत काय आहे हे तिलाही ठाऊक नाही. उद्या अकरा वाजता विम्याच्या हप्त्यावरची सवलत चालू ठेवण्याच्या विधेयकावर मतदान आहे आणि डॉक्टरांनी तुला खाटेवरून हलायला बंदी केली आहे, हे कळल्यापासून मी काही धड करू शकलेले नाही. आज दुपारी सदस्यांच्या वाचनालयात येऊन बसले. इथल्या त्या खोल खुर्च्या तुला आठवत असतील, बसलं की माणूस गुडघ्यांच्या खाली जातो. कुणी नव्हतं. बाहेर गवत कापण्याचं यंत्र एका लयीत चाललं होतं आणि त्या आवाजात माझा डोळा लागला. स्वप्नात सभागृह पाण्याने भरलेलं होतं, स्वच्छ, हिरवट पाण्याने. सगळे आपापल्या जागी बसून तावातावाने बोलत होते आणि आवाज मात्र येत नव्हता, नुसते बुडबुडे वर जात होते. दोन्ही बाजूंचे बुडबुडे वर जाऊन एकमेकांत मिसळत होते. तू तुझ्या मऊ तळव्यांच्या बुटांनी आत आलीस आणि एकेकाची नाडी बघायला लागलीस, आधी तुमच्या बाजूच्यांची, मग आमच्यांची. प्रत्येकाचं काहीतरी कागदावर लिहीत होतीस. माझं मनगट धरलंस, घड्याळाकडे बघितलंस, बराच वेळ बघितलंस, आणि काही न लिहिता पुढे गेलीस. जाग आली तेव्हा मी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं होतं.

आपण दोघी एकाच निवडणुकीत निवडून आलो, समोरासमोरच्या पक्षांतून. एवढी मोठी इमारत, पण बायकांसाठी स्वच्छतागृह होतं ते तिसऱ्या मजल्यावर, आणि सभागृह तळमजल्यावर! बांधणाऱ्यांना बहुधा वाटलं असावं की बायका निवडून आल्याच तर त्यांना तहान लागणार नाही. मतदानाची घंटा सहा मिनिटं वाजते, मग दारं बंद. त्या सहा मिनिटांत तीन जिने उतरायचे. पहिल्याच महिन्यात आपण दोघी एकाच वेळी वर होतो आणि घंटा झाली. दुसऱ्या जिन्यावर तुझा पाय मुरगळला. तू पायरीवर बसलीस आणि मला म्हणालीस, “पळ, बाई, पळ! माझ्या नादाने तुझंही मत जाईल.” मी चार पायऱ्या उतरलेही होते. मग वाटलं, मी आत जाऊन नको म्हणणार, ही गेली असती तर हो म्हणाली असती. दोघी इथेच राहिलो तर कुणाचं काय बिघडतं? मी परत आले आणि तुझ्या शेजारी बसले. घंटा थांबली. खाली दारं लागल्याचा आवाज आला. तू बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला करून घोट्याला बांधत होतीस आणि हसत होतीस. आपली जोडी जमली ती अशी, जिन्यावर.

जोडीची रीत आहे हे मला त्यानंतर एका जुन्या सदस्यांनी समजावलं. एका बाजूचा माणूस आजारी पडला, घरी काही झालं, की समोरच्या बाजूच्या एकाने आपणहून बाहेर राहायचं, म्हणजे कुणाच्या दुखण्याचा फायदा कुणाला मिळत नाही. कुठे लिहिलेलं नाही, सही नाही, शिक्का नाही. बाहेर राहणाऱ्याने दारासमोरच्या लांब बाकावर सगळ्यांना दिसेल असं बसायचं, एवढंच. तुझ्या बाळंतपणात मी त्या बाकावर बसले. माझे वडील गेले तेव्हा तू बसलीस, तीन दिवस बसलीस, आणि मी परत आले तेव्हा म्हणालीस, “बाक फार कडक आहे गं, पुढच्या वेळी मरताना कुणीतरी उशीचा विचार करा.” मी वडिलांच्या मरणानंतर पहिल्यांदा हसले ती तुझ्या त्या वाक्याला. आत आपण एकमेकींची सालटी काढायचो. माझी भाषणं तुला पाठ असायची आणि तू मला बाहेर येऊन माझ्याच आवाजात म्हणून दाखवायचीस, ते हात उंच करणंसुद्धा. आता त्या बाकावर पाहुण्यांच्या पिशव्या ठेवतात. नव्या पोरांना विचारलं तर त्यांना जोडी म्हणजे काय तेच माहीत नाही. परवा आमच्यातला एक जण तुमच्यातल्या एकाबरोबर लिफ्टमधून उतरला, तर त्याला दुपारपर्यंत चार जणांनी विचारलं, काय बोलत होतास.

मागच्या आठवड्यात माझ्या मतदारसंघात सभा घेतली. शाळेच्या व्यायामशाळेत. तिथल्या जमिनीवर वेगवेगळ्या खेळांच्या रेषा आखलेल्या आहेत आणि मधोमध एक जाड पिवळी रेषा आहे. कुणी सांगितलं नव्हतं, पण माणसं येत गेली तशी आमची रेषेच्या उजवीकडे बसली आणि तुमची डावीकडे. मी समोर उभी. दुपारचं ऊन वरच्या खिडक्यांतून तिरकं उतरलेलं, छत इतकं उंच की प्रत्येक शब्द वर जाऊन थोडा उशिराने परत येत होता. मी सुरुवात केली, तुला ठाऊक आहे तशी. सवलत का संपते आहे, दोन महिने सभागृह का अडलं, तुमच्या लोकांनी कसं अडवलं. उजवीकडून टाळ्या आल्या. डावीकडून एक शिंपीण उठली आणि म्हणाली, “बाई, तुमचा विमा कोण भरतं हो?” मी म्हणाले, सरकार. “म्हणजे आम्हीच ना? मग आमचा कोण भरणार? पहिल्या तारखेपासून माझा हप्ता तिप्पट होतोय. मी सुई ओवू की डोळे दाखवू?” उजवीकडचा एक जण ओरडला, “तुमच्याच पक्षाला विचारा!” झालं, दोन्हीकडून सुरू झालं. तेव्हा मागे, बरोबर पिवळ्या रेषेवर उभा असलेला एक माणूस म्हणाला, “तिकडे घर पेटलंय, आणि तुमचं चाललंय बादली कुणाची!”

तो माझा विद्यार्थी होता. सहलीला गेल्यावर एकदा हरवला होता म्हणून वर्गाने त्याचं नाव होकायंत्र ठेवलं होतं. आता तो रुग्णवाहिका चालवतो. तो म्हणाला, “बाई, परवा एका आजोबांना उचललं. छातीत कळ. त्यांची नोकरी गेली, तिच्याबरोबर विमा गेला. गाडीत ते माझा दंड धरून म्हणाले, बाळा, दवाखान्यात नको नेऊस, नुसती जरा फिरव, कळ जाईल आपोआप. मी फिरवली, बाई. भोंगा बंद करून. तळ्याभोवती दोन चकरा मारल्या. ते काचेतून बदकं बघत होते. तुम्ही आम्हाला दिशा शिकवल्यात ना? मग सांगा, मी कुठे वळायचं होतं?” मी विचारलं, मग? “तिसऱ्या चकरेला न विचारता दवाखान्याकडे वळवली. वाचले. आता माझ्याशी बोलत नाहीत, बिल आलं ना घरी.” लोक हसले, पण ते हसू कसलं होतं ते तू ओळखशील, तू रात्रपाळ्या केल्या आहेस. मग एक म्हातारी उजवीकडून उठली, सावकाश चालत रेषा ओलांडून गेली आणि त्या शिंपिणीशेजारी रिकाम्या खुर्चीवर बसली. तिला बहुधा तिथे वारा बरा येत होता. पण मग आणखी एक उठला. सिस्टर, तीस वर्षं मी बोलून पोट भरलं आहे. मी माईक खाली ठेवला आणि त्या रेषेकडे बघत उभी राहिले.

परत येताना गाडीत मला सारखा तो रस्ता दिसत होता. तळं, बदकं, आणि भोंगा न वाजवता गोल गोल फिरणारी पांढरी गाडी. आपलं सभागृह दोन महिने तेच करतं आहे. तुमचेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत हं. आमच्यातल्या काहींनी मधला मार्ग पुढे केला होता तो तुमच्यांनी उडवून लावला, श्रेय आम्हाला जाईल म्हणून. पण ते आत्ता राहू दे. भाषण सुरू व्हायला लागलं माझं.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. “बाईमावशी,” म्हणाली. लहानपणी म्हणायची तेच. म्हणाली, “आईने सांगितलेलं नाही हं. उलट तिला कळलं तर ती मला सोलून काढेल. पण तिच्यासाठी तुम्ही बाकावर बसाल का?” तू फुप्फुसात पाणी घेऊन पडली आहेस आणि कूस बदलतानासुद्धा उद्याची डोकी मोजते आहेस, हे तिने सांगितलं. मी म्हणाले, बसेन. संध्याकाळी तिने परत फोन केला, तिच्याने राहवलं नव्हतं, तुला सांगून टाकलं होतं. मी विचारलं, काय म्हणाली? ती म्हणाली, “भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, बघू बसते का.”

म्हणून आता ते सांगते, जे तुला माहीत आहे आणि मी कधी बोलले नाही. अकरा वर्षांपूर्वी पहिला कायदा आला होता, नोकरी गेली तरी विमा राहील असा. मी त्याच्या विरोधात बोलत होते, आणि ढोंग करत नव्हते. मला खरंच वाटायचं की माणसाने आपली सोय आपण करावी. त्या सकाळी तुझ्या नवऱ्याला शस्त्रक्रियेला नेलं. तू कॉरिडॉरमध्ये मला गाठलंस, केस विंचरलेले नव्हते, एका पायात वेगळा मोजा होता. मी म्हणाले, जा तू, मी बसते. तू माझा हात दाबलास आणि धावत गेलीस. मी बसले. घंटा वाजायला लागली. चौथ्या मिनिटाला आमचे प्रतोद आले, माझ्यासमोर वाकले आणि म्हणाले, “बाई, बरोबरी होतेय. अध्यक्ष त्यांच्या बाजूने मत टाकणार. उठा.” मी म्हणाले, मी शब्द दिलाय. ते म्हणाले, “शब्द तुम्ही आधी कुणाला दिलाय? पक्षाला की मैत्रिणीला?” मला आठवतं, बाक गार होता. खिडकीच्या काचेवर एक पाकोळी बसली होती. मी त्या पाकोळीकडे बघत उठले आणि आत गेले. मला कुणी ढकललं नाही. कायदा एका मताने पडला. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि संध्याकाळी मी भाषण केलं. म्हणतात, उत्तम झालं.

तुझा नवरा त्या शस्त्रक्रियेतून वाचला. काचा कापण्याच्या कारखान्यात त्याची जागा मात्र भरली गेली होती, नोकरीबरोबर विमा गेला, आणि मग तो तपासण्या पुढे ढकलत राहिला. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात बघू. हे सगळं मला इतरांकडून कळलं. दोन वर्षांनी तो गेला तेव्हा मी तुमच्या गल्लीत आले होते. तुला हे माहीत नाही. समोरच्या चष्म्यांच्या दुकानात शिरले आणि काचेआडून तुमच्या दारातली गर्दी बघत उभी राहिले. दुकानदाराने विचारलं, जवळचा हवाय की लांबचा? मी म्हणाले, बघते आहे. त्याने माझ्या डोळ्यांवर एकामागून एक चष्मे चढवले आणि प्रत्येकातून तू मला दिसलीस, कधी धूसर, कधी लांब, कधी अगदी हाताशी. मी रस्ता ओलांडला नाही. तुझा नवरा माझ्या मताने गेला असं मी म्हणणार नाही. तू नर्स आहेस, असल्या सोप्या बेरजा तुला आवडत नाहीत. पण त्या बेरजेत माझा आकडा आहे.

आज सकाळी मी प्रतोदांकडे गेले आणि सांगितलं, उद्या मी बाकावर बसणार. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. ते हसले. “बसा की, बाई, खुशाल बसा! लोकांना बरं दिसेल, तुमची मैत्रीही राहील. अहो, बरोबरी झाली तरी आताचे अध्यक्ष आपलेच आहेत.” वाचनालयात येऊन मी यादी घेतली आणि तीनदा डोकी मोजली. तुमच्या लोकांना आशा आहे की आमच्यातला एखादा गैरहजर राहील. नाही राहणार. तू खाटेवर आणि मी बाकावर, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, आणि अध्यक्षांच्या एका मताने विधेयक पडणार. म्हणजे आपली जोडी, तो जिन्यावरचा ओला रुमाल, तुझी उशीची चेष्टा, हे सगळं उद्या आमच्या प्रतोदांच्या कामी येणार. पहिल्या तारखेला शिंपीण डोळे दाखवायचं सोडून देणार, होकायंत्र तळ्याभोवती गाडी फिरवणार, आणि सगळे म्हणणार, बाईंनी शब्द मात्र पाळला हो! मी पक्ष सोडणार नाही, उद्या जे करणार आहे त्यापायी त्यांनी काढलं तर गोष्ट वेगळी, आणि ते काढतील. पुढचं तिकीट तर विसरच. त्याचं मला फारसं काही वाटत नाही आहे, याचंच आज दुपारभर नवल वाटतं आहे.

तर ऐक, आणि अकरा वाजेपर्यंत कुणाला सांगू नकोस. तुझ्या लेकीला नाही, तुमच्या प्रतोदांना तर मुळीच नाही. कुणकुण लागली तर आमचे लोक मतदानच पुढे ढकलतील. तुझ्या खोलीत टीव्ही आहे असं लेक म्हणाली, आणि सभागृहाच्या दारावर आता कॅमेरा असतो. घंटा सुरू होताना मी तुला बाकावर दिसेन. आणि मग, घंटा थांबायच्या आत, मी उठेन आणि आत जाईन. तुला माझी पाठ दिसेल, अकरा वर्षांपूर्वी जशी कुणीतरी तुला सांगितली असेल तशीच. तू म्हणशील, पुन्हा! तुझा हात रिमोटकडे जाईल. हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिलं आहे, सिस्टर, की तू तो टीव्ही बंद करू नयेस. मी तुला दिलेला शब्द दुसऱ्यांदा मोडते आहे, आणि या वेळी तुला आधी सांगून मोडते आहे. आत गेल्यावर मी माझ्या जागेवर जाणार नाही. अध्यक्ष म्हणतील, विधेयकाच्या बाजूने असणाऱ्यांनी उभं राहावं. तेव्हा तुमच्या रांगेत, तुझ्या रिकाम्या खुर्चीजवळ बघ. मी तिथे उभी असेन. मोजणाऱ्याचं बोट माझ्यावरून पुढे सरकेपर्यंत थांब. मग हवं तर बंद कर.

तू मानलंस तरी, न मानलंस तरी,
तुझीच,
बाई